वेठीला वाचा फुटली तेव्हा



गोष्ट आणि भाषा यांनी समाज बदलतो का, आणि बदलत असेल तर तो कसा, असा विषय भाईंदरच्या खारी गावातल्या या व्याख्यानमालेसाठी तुम्ही मला दिलात. या विषयावर जगभरची नावं घेऊन बोलता येईल. मी मात्र आज आपल्याच जिल्ह्यातली एक हकिकत सविस्तर सांगणार आहे. इथून वसईच्या खाडीचा पूल ओलांडून उत्तरेकडे दोन-अडीच तास गाडीने गेलं की जो मुलूख लागतो, तिथली ही हकिकत. २०१४ साली पालघर वेगळा होईपर्यंत तो भाग आणि आपण एकाच ठाणे जिल्ह्यात होतो. तरीही आपल्या मुलांना ही हकिकत शाळेत फारशी भेटत नाही. वारली चित्रं आज साडीवर, पिशवीवर, बँकेच्या भिंतीवर सगळीकडे दिसतात. ज्या माणसांनी ती चित्रं काढली त्यांनी १९४५ साली काय केलं, हे विचारलं तर सभागृहात शांतता पसरते. ही शांतता मला फार खुपते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

डहाणू आणि तेव्हाचा उंबरगाव तालुका. डोंगर, जंगल, भातशेती. जमीन एकेकाळी वारल्यांची. पुढे ती सावकार आणि जमीनदारांच्या नावावर गेली. वारली आपल्याच जमिनीवर कूळ झाला, आणि कुळाच्या मागे वेठ लागली. जमीनदाराचा माणूस पाड्यावर येऊन हाक द्यायचा. हाक आली की स्वतःची लावणी अर्धी टाकून, नांगर-बैल घेऊन, बायकोला घेऊन मालकाच्या शेतावर जायचं. मजुरी नाही, किंवा दिली तर मूठभर कणी. नाही म्हटलं तर मार. तो मार कसा असायचा ते गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिलं आहे. मी ते इथे वाचून दाखवणार नाही, तुम्ही स्वतः वाचा.

वेठीहून वाईट होती लग्नगडीची पद्धत. तरुण वारल्याला लग्नासाठी थोडे पैसे लागत. ते तो सावकाराकडून घ्यायचा आणि फेडीसाठी नवराबायको दोघंही सावकाराच्या घरी राबायला राहायची. हिशेब सावकाराच्या वहीत, वही सावकाराच्या कपाटात. पंचवीस-तीस रुपयांच्या कर्जापायी दोन आयुष्यं संपायची आणि कर्ज शिल्लकच राहायचं.

इथे मला क्षणभर थांबायचं आहे. वारल्यांचं लग्न धवलेरी लावते. ती बाई असते. भिंतीवर सुवासिनींनी पांढऱ्या पिठाने चौक काढलेला असतो, त्यात पालघाट देवी असते, आणि धवलेरी गाण्यांतून सगळा विधी पार पाडते. आपल्याकडे आगरी समाजात धवलारीण हेच करते. खारीतल्या वयस्कर बायकांना हे मी सांगायला नको. म्हणजे या समाजाकडे भाषा नव्हती, गोष्ट नव्हती, असं अजिबात नाही. पृथ्वी कशी झाली, भात कुठून आलं, देव कुठून चालत आले, हे सगळं सांगणारी, पाठ असलेली आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली भाषा त्यांच्याकडे होती. ज्या लग्नात ही गाणी व्हायची, त्याच लग्नाच्या कर्जाने ते जोडपं गुलाम व्हायचं. त्या कर्जाबद्दल मात्र चारचौघांत बोलायला जागा नव्हती. शेतात, झोपडीत, एकमेकांच्या कानाशी ते बोलत असणारच. पण ज्याच्यापुढे ते बोलायला हवं, असा माणूस समोर नव्हता.

सरकारला हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. १९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं आणि आदिवासी भागाची पाहणी करण्याचं काम डी. सिमिंग्टन या आयसीएस अधिकाऱ्याकडे दिलं गेलं. त्याचा अहवाल १९३९ साली छापून आला. माणूस प्रामाणिक होता. वेठ, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी येणारी गुलामी, जंगलखात्याच्या आणि जमीनदाराच्या माणसांची दांडगाई, सगळं त्याने लिहून ठेवलं. इंग्रजीत. अहवाल सचिवालयात पोचला, वाचला गेला असेल, त्यावर शेरेही मारले गेले असतील. पण ज्यांच्याबद्दल तो होता त्यांना त्यातलं एक अक्षर कळण्यासारखं नव्हतं, आणि ज्यांना कळलं त्यांचं त्यात काही अडत नव्हतं. वेठ तशीच चालू राहिली.

मग ७ जानेवारी १९४५ ला टिटवाळ्याला किसान सभेची प्रांतिक परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी ती उभी केली होती. गोदावरीबाई मूळच्या पुण्याच्या गोखले घराण्यातल्या, कायद्याच्या पदवीधर, भारत सेवक समाजाच्या आजीव सदस्य. सुखवस्तू आयुष्य सोडून त्या या कामात उतरल्या होत्या. त्या परिषदेला उंबरगाव तालुक्यातले मोजके वारली आले होते. त्यांच्यात झरी गावचे माह्या धांगडा होते. ते व्यासपीठावर गेले आणि वेठीबद्दल, लग्नगडीबद्दल बोलले.

या प्रसंगावर मी पुष्कळ विचार केला आहे. माह्या धांगडांनी नवं काय सांगितलं? सिमिंग्टनने जे लिहिलं होतं तेच. मग फरक कशाने पडला? समोर कोण बसलं होतं ते पाहा. कल्याण, मुरबाड, शहापूर अशा भागांतले शेतकरी. तेही गरीबच, कुळंच. सावकार त्यांनाही नाडत होता. पण नुसत्या हाकेसरशी बायकोला घेऊन फुकट राबायला जायचं, हे त्यांच्या ऐकण्यातलं नव्हतं. मला वाटतं, सांगणाऱ्याला त्या दिवशी समोरच्या चेहऱ्यांवरून एक गोष्ट कळली असेल: आपल्याकडे चालतं ते सगळीकडे चालत नाही. आपण ज्याला रीत म्हणत आलो ती कुणीतरी लादलेली आहे, आणि आपल्यासारखीच दिसणारी, आपल्यासारखीच बोलणारी माणसं तिच्याविना जगत आहेत. हे ज्ञान अहवाल देऊ शकत नाही. त्यासाठी आपल्या बोलीत सांगणारा माणूस लागतो, आणि ऐकून दचकणारा माणूसही लागतो. दोघं एका मांडवाखाली आले तरच गोष्टीत बळ येतं. आज मला जे काही म्हणायचं आहे ते एवढंच आहे. बाकीचं सगळं त्याचे दाखले आहेत.

पुढचा वेग पाहा. जानेवारीत टिटवाळा, आणि २३ मे १९४५ ला माह्या धांगडांच्या झरी गावात वारल्यांची स्वतःची परिषद. हजारो माणसं चालत आली. ठराव साधे होते, कुणालाही तोंडपाठ होतील असे: वेठ करायची नाही, लग्नगडी म्हणून राहायचं नाही, मालकाच्या शेतावर काम केलं तर रोजाला बारा आणे घ्यायचे. लिहिता-वाचता येणारी माणसं नव्हतीच, तेव्हा निरोप पाड्यावरून पाड्यावर तोंडी गेला. ज्या लोकांनी शेकडो ओळींची गाणी पिढ्यान्‌पिढ्या तोंडी सांभाळली, त्यांना दोन-तीन ठराव सांभाळणं कितीसं कठीण? ठिकठिकाणच्या लग्नगड्यांना सावकारांच्या घरून सोडवून आणलं गेलं. पावसाळा संपेपर्यंत त्या दोन तालुक्यांतली वेठ मोडली होती. हाक यायची आणि माणूस जागचा हलायचा नाही.

पण ही हकिकत मी इथेच संपवली तर ती खोटी ठरेल. गोष्टीची ताकद जमीनदारांनाही कळली होती, आणि त्यांनी ती फार लवकर वापरली.

ऑक्टोबर म्हणजे गवतकापणीचा हंगाम. तिथलं गवत मुंबईच्या तबेल्यांसाठी जायचं, याच आपल्या रेल्वेमार्गाने, भाईंदरवरूनच. पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपये द्या, ही मागणी घेऊन मजुरांनी कापणी थांबवली. त्याच सुमारास पाड्यांवर एक निरोप फिरू लागला. किसान सभेचाच निरोप असल्यासारखा: गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे, सगळ्यांनी तलवाड्याला जमा व्हा. निरोप खोटा होता. पण ज्या वाटेने खरा निरोप जायचा त्याच वाटेने तो गेला, त्याच बोलीत गेला, आणि लोकांच्या ज्या जिव्हाळ्यावर चळवळ उभी होती नेमका तिलाच हात घालून गेला. १० ऑक्टोबरच्या रात्री माणसं जमली. तिकडे पोलिसांना सांगण्यात आलं की हत्यारबंद जमाव चाल करून येतो आहे. ११ ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि त्यांच्याबरोबर आणखी चार जण मारले गेले. बाई येतील, त्यांना राखायचं आहे, म्हणून लोक जागा सोडत नव्हते.

आज आपल्या फोनवर रोज येणारे निरोप पाहिले की मला तलवाडा आठवतो. खोट्या गोष्टीला कष्टाने वाट तयार करावी लागत नाही. खऱ्या गोष्टीने तयार केलेल्या विश्वासावरच ती चालते. म्हणून कुणी मला सांगितलं की भावनेला हात घालणारी गोष्ट चांगली आणि आकडेवारी कोरडी, तर मी ते मान्य करणार नाही. तलवाड्याचा निरोप भावनेला हात घालणाराच होता. त्याला उलटून विचारता येण्याची सोय नव्हती, हे त्याचं विष होतं. टिटवाळ्याला माह्या धांगडा समोर उभे होते, कुणीही प्रश्न विचारू शकत होतं. तलवाड्याच्या निरोपामागे माणूसच नव्हता.

गोळीबार झाला, पुढे परुळेकर दांपत्यावर जिल्हाबंदी आली, तुरुंगवास आला. वेठ मात्र परत आली नाही. देशात वेठबिगारी बंद करणारा कायदा झाला १९७६ साली. झरीचा ठराव १९४५ चा. मधली एकतीस वर्षं लक्षात ठेवा.

वारल्यांच्या बाबतीत माणसं आधी जागी झाली आणि कायदा मागून आला. कायदा आधी आणि माणसं मागे, असं झालं की काय होतं ते महाडने दाखवलं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ सालीच मंजूर झाला होता. महाडच्या नगरपालिकेनेही आपलं चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागद तयार, सही-शिक्का तयार, आणि तळ्यावर कुणी जात नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांच्या मागून हजारो माणसं चालत गेली तेव्हा त्या कागदात जीव आला. तोवर काय काय झालं होतं? सभा झाल्या होत्या, गावोगाव बोलणं झालं होतं, १९२० साली सुरू झालेलं 'मूकनायक' हे पाक्षिक वाचलं आणि वाचून दाखवलं गेलं होतं. आणि त्याच्याही फार आधी, १८५५ साली, फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता नावाच्या मातंग मुलीने आपल्या लोकांच्या दुःखाबद्दल लिहिलेला निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला होता. शाळकरी मुलीचा निबंध! वर्गात लिहिलेलं जगासमोर मांडण्यासारखं आहे, हे ओळखणारा शिक्षक आणि ते छापणारा संपादक तिला मिळाला, म्हणून पावणेदोनशे वर्षांनी आपण तिचं नाव घेतो. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी खारीच्या शाळेत आयुष्य घालवलं. मुलांच्या वह्या वाचणं या कामाची किंमत इथे मी वेगळी सांगत नाही.

सत्तेला नेमकं काय टोचतं ते केनियात फार स्वच्छ दिसलं. न्गुगी वा थिओंगो हा तिथला मोठा लेखक, मे २०२५ मध्ये वारला. १९७७ साली त्याची एक इंग्रजी कादंबरी आली. तिच्यात राज्यकर्त्यांवर कठोर टीका होती; सरकारने ती मुकाट्याने चालवून घेतली. त्याच वर्षी त्याने कामिरिथु या खेड्यातल्या शेतकरी-मजुरांना घेऊन गिकुयू या त्यांच्या भाषेत नाटक केलं. लोकच नट, लोकांनीच तालमीत संवाद दुरुस्त केले, रंगमंचही त्यांनीच बांधला. काही आठवड्यांत नाटकावर बंदी आली आणि वर्ष संपता संपता न्गुगीला खटल्याशिवाय तुरुंगात टाकलं. सिमिंग्टनचा अहवाल आणि टिटवाळ्याचं भाषण यांच्यातला फरक हाच आहे. पुढे न्गुगीने आपलं ललित लेखन इंग्रजीत करायचं सोडून दिलं.

आपल्याकडे अण्णा भाऊ साठ्यांनी हेच फार आधी केलं होतं. सातारा-सांगलीकडच्या वाटेगावहून लहानपणी बापाबरोबर चालत मुंबईला आलेला हा मुलगा, शाळा जवळजवळ नाहीच. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत त्यांचं लाल बावटा कलापथक उभं राहिलं. तमाशाचा साचा त्यांनी घेतला, कारण गिरणगावातल्या माणसाच्या कानाला तो ओळखीचा होता. पण गणात देवाऐवजी श्रम करणाऱ्यांना, मातृभूमीला वंदन आलं, आणि वगात राजा-प्रधानाऐवजी मालक, सावकार, पुढारी आले. सरकारने बंदी घातली. अण्णा भाऊ त्याच गोष्टी लोकनाट्य म्हणून करत राहिले.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांनी 'माझी मैना' ही छक्कड रचली. तिच्यात काय केलंय ते कारागिरीच्या नजरेने पाहण्यासारखं आहे. भाषावार प्रांतरचना, आयोगाच्या शिफारशी, द्विभाषिक राज्य हे सगळं गिरणीतल्या साचेवाल्याला समजावून सांगायचं म्हटलं तर तासभर भाषण लागेल, आणि पाळी सुटून आलेला माणूस पहिल्या पाच मिनिटांत पेंगेल. अण्णा भाऊंनी त्याला त्याच्या गावाकडे राहिलेल्या बायकोची आठवण करून दिली. गिरणगावातल्या खोलीत दहा-पंधरा बाप्ये राहायचे, खाणावळीत जेवायचे, आणि बायको कोकणात नाहीतर घाटावर. हा विरह त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो विरह गाता गाता कवी हळूच बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव या नावांवर येतो, आणि नकाशावरची रेघ ऐकणाऱ्याच्या काळजावरून जाते. फ्लोरा फाउंटनला जी माणसं गेली, २१ नोव्हेंबर १९५५ ला आणि त्यानंतर जी गोळ्यांना सामोरी गेली, त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल वाचलेला नव्हता. त्यांनी शाहिरांना ऐकलं होतं, अत्र्यांचं 'नवयुग' कुणीतरी चाळीत मोठ्याने वाचलं होतं.

१०६ हुतात्म्यांच्या त्या लढ्यानंतर १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. उंबरगाव मात्र गुजरातेत गेलं. झरी आज तलासरी तालुक्यात, महाराष्ट्रात आहे. आणि आणखी एक गोष्ट हातातून गेली, तिचं मला जास्त दुःख आहे. अण्णा भाऊंच्या शाहिरीत मराठी राज्य आणि कष्टकऱ्याचं राज्य एकाच दमात यायचं. आपण पहिलं घेतलं आणि दुसरं शाहिरापाशीच ठेवून आलो. अण्णा भाऊ १९६९ साली हलाखीत गेले. ज्या गिरणी कामगारांनी मुंबई मिळवली त्यांच्या गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकेक करून संपल्या. आज मराठीच्या सभेत त्यांची आठवण निघते ती बहुतेक हुतात्मा चौकापुरती. गोष्ट अर्धी सांगितली की बदलही अर्धाच होतो, हे मी गिरणगाव पाहून शिकलो.

शाहिरीनंतरची मोठी लाट आत्मकथनांची. १९७८ साली दया पवारांचं 'बलुतं' आलं, १९८० साली लक्ष्मण मान्यांचं 'उपरा', १९८७ साली लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या'. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं होतं. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. पोलिसपाटलाच्या, फौजदाराच्या आणि शेजाऱ्याच्या डोक्यातून तो गेला नव्हता. चोरी झाली की पालावर धाड, हे चालूच होतं. ते थांबवण्याच्या कामाला 'उपरा' आणि 'उचल्या'ने जो धक्का दिला तो सरकारी परिपत्रकाने दिला नाही. मध्यमवर्गीय घरात, आरामखुर्चीत बसून ती पुस्तकं वाचणारा माणूस दचकला. पुन्हा तेच: सांगणारा आणि दचकणारा.

या लेखकांच्या मांदियाळीत मला सर्वांत जवळच्या वाटतात त्या फलटणच्या बेबी कांबळे. त्यांचं किराणा मालाचं छोटं दुकान होतं. पुड्या बांधायला रद्दी यायची, ती त्या वाचायच्या. आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा, घरच्यांना दिसू नये अशा बेताने, लिहायच्या. लिहिलेलं कित्येक वर्षं दडवून ठेवलं. शेवटी ते 'स्त्री' मासिकात क्रमशः आलं आणि १९८६ साली 'जिणं आमुचं' हे पुस्तक झालं. आपल्या समाजावर सवर्णांनी केलेला अन्याय त्यांनी लिहिलाच, पण त्याच समाजातल्या पुरुषांनी आपल्या बायकांचं काय केलं तेही लिहिलं. हे लिहायला दुप्पट धैर्य लागतं. बाहेरच्याचा अन्याय सांगताना आपले लोक टाळ्या देतात. घरातला सांगायला लागलात की तेच उठून जातात.

आता आपल्या शहराकडे येतो. ते टाळून जाणं बरोबर होणार नाही.

२०२५ च्या एप्रिल आणि जून महिन्यांत पहिलीपासून हिंदी आणण्याचे शासननिर्णय निघाले. महाराष्ट्रभर शिक्षक, लेखक, पालक, शिक्षणतज्ज्ञ बोलू लागले. सहा वर्षांच्या मुलावर तिसऱ्या भाषेचं ओझं कशासाठी, हा त्यांचा प्रश्न साधा होता आणि त्याला सरकारपाशी उत्तर नव्हतं. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. मराठीच्या बाजूने अलीकडच्या काळात मिळालेलं हे सर्वांत स्वच्छ यश. आणि त्याच दिवसांत मीरा रोडला मराठीवरून एका दुकानदाराला मारहाण झाली. तिची चित्रफीत देशभर फिरली. व्यापाऱ्यांचा बंद झाला, मग ८ जुलैला मराठी माणसांचा मोर्चा निघाला. तो अडवला गेला, धरपकड झाली, तरी माणसं रस्त्यावर आली. त्या मोर्चात साधी, पोटतिडकीने आलेली माणसं होती, बायका होत्या, हे मी मानतो. आपल्या गावात आपण परके होत चाललो, ही त्यांची वेदना खरी आहे. मिठागरं गेली, भातखाचरं गेली, १९८५ साली नगरपरिषद आणि २००२ साली महानगरपालिका झाली, इमारती उठल्या. ज्यांची जमीन त्यांच्या वाट्याला त्या इमारतींमध्ये काय आलं, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

पण थोबाडीत मारून आपण काय कमावलं? जी गोष्ट आपण जिंकली होती ती देशाने ऐकलीच नाही. देशाने पाहिली ती चित्रफीत. मराठी ही धाकाची भाषा आहे असं ज्यांना सांगायचंच होतं त्यांच्या हाती आपण पुरावा दिला. वेठ मोडणाऱ्या माह्या धांगडांची भाषा, मुक्ताची भाषा, बेबीताईंची भाषा त्या एका चित्रफितीमागे झाकली गेली. मी मराठीचा कडवा अभिमानी आहे, म्हणूनच हे मला सहन होत नाही.

मराठी इथे टिकवायची असेल तर ती अशी भाषा व्हायला हवी की जिच्यात ऐकून घेतलं जातं. आझमगढहून आलेला रिक्षावाला, मारवाडहून आलेला वाणी, नांदेडहून बांधकामावर आलेली बाई, उत्तनचा कोळी, खारीचा आगरी: यांच्यापैकी प्रत्येकापाशी सांगण्यासारखं काहीतरी आहे जे त्याने आजवर कुणापुढे सांगितलेलं नाही. ज्या भाषेत आपलं ऐकलं गेलं, ती भाषा माणूस आपण होऊन शिकतो. वारल्यांचं बोलणं कानावर घ्यायला गोदावरीबाई त्यांच्या झोपड्यांत राहिल्या. त्यांच्या बोलीला हसल्या असत्या तर झरीची परिषद झाली नसती. आणि आपण? आगरी बोलीतून बोलणाऱ्या मुलाला शुद्ध बोल म्हणून वर्गात हटकणारे आपणच आहोत. मराठीवर अन्याय होतो म्हणताना मराठीच्याच पोटातल्या बोलीवर आपण काय करतो, तेही बोललं पाहिजे. बेबीताईंनी दाखवलेलं धैर्य ते हेच.

व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. पुढच्या वर्षी पहिला दिवस माझ्यासारख्या वक्त्याला देऊ नका. त्या दिवशी मिठागरावर काम केलेल्या म्हाताऱ्यांना आणि बायकांना व्यासपीठावर बसवा. एखाद्या धवलारणीला बोलवा, तिला गाणी पूर्ण म्हणू द्या, मध्ये घड्याळ दाखवू नका. त्यांच्या शेजारी बांधकाम मजुरांपैकी कुणाला बसवा. तो त्याच्या भाषेत बोलेल, आपल्यातलं कुणीतरी ते मराठीत सांगेल. सगळं ध्वनिमुद्रित करा. श्रोत्यांना प्रश्न विचारू द्या, कारण उलटून विचारलेल्या प्रश्नाने गोष्ट खरी राहते. आणि ऐकलेलं लिहून काढताना त्यांची बोली सुधारू नका.

विचारायचं काय, असं कार्यकर्ते मला मघाशी विचारत होते. मीठ ओढायचं काम दिवाळीनंतर कधी सुरू व्हायचं आणि पहिल्या पावसाला बंद पडलं की पुढचे चार महिने चूल कशावर पेटायची? पाटीमागे काय मिळायचं, आणि बाईला बाप्याइतकंच मिळायचं का? पायाला मिठाने पडलेल्या भेगांवर काय लावत? मुकादम कोणत्या गावचा असायचा? उचल घेतली तर हिशेब कोण लिहायचं, आणि तो वाचून कोण दाखवायचं? भरतीच्या पाण्याने बांध फुटला की रात्री कोण धावायचं, आणि त्या रात्रीची मजुरी धरली जायची का? जमीन विकली गेली तेव्हा अंगठा कुणी उठवला, त्या कागदावर काय लिहिलं होतं ते त्याला कुणी समजावून सांगितलं होतं का? हे प्रश्न घेऊन उद्या सकाळपासूनच गावात फिरायला सुरुवात करा. सांगू शकणारी माणसं अजून आहेत, आणि त्यांच्यातली काही आज याच मांडवात मागच्या खुर्च्यांवर बसली आहेत.